पेसामिनोचा अंगठा आणि निरपराध नारळ

सोमवारी पहाटे पेसामिनोच्या उजव्या पायाच्या अंगठ्याने बंड केलं.

रात्री झोपायला गेला तेव्हा अंगठा अगदी सज्जन होता. उठला तेव्हा त्याचा टोमॅटो झालेला: लाल, तकतकीत, आणि हात न लावता शेक लागावा इतका गरम. पांघरुणाचा भार सोसेना म्हणून पेसामिनोने पाय उघडा टाकला, तर त्यावर माशी येऊन बसली. माशीला वजन असतं हे त्याला या वयात कळलं. त्याने अशी आरोळी ठोकली की आवारातली डुकरं एकदम उठून उभी राहिली, आणि चर्चच्या गाण्यात जो वरचा सूर त्याला वर्षानुवर्षं सापडत नव्हता तो विनासायास सापडला.

"आला वाटतं तो सांध्यांचा गाऊट परत," त्याची बायको लांगी चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

"हळू बोल! गाऊट नाही. काहीतरी चावलंय."

"चावलंय खरं. काल पाद्रीबाबांकडच्या जेवणात तू तीन खेकडे चावलेस, त्यातल्या एकाने उट्टं काढलंय."

हळू बोल म्हणणं ठीक आहे, पण हळू बोलून उपयोग काय? सामोआ बेटावरच्या त्या गावातल्या बाकी घरांसारखं याही घराला भिंती नव्हत्या, नुसते गोल खांब आणि वर छप्पर. अशा घरातली गोष्ट घरात ठेवायची तर ती गिळूनच टाकावी लागते.

हे सगळं त्यांची मुलगी तिलोमाई खोबरं खवता खवता ऐकत होती. तिलो पंधरा वर्षांची. गेल्याच महिन्यात तिने वादविवाद स्पर्धेत शहरातल्या मुलांच्या शाळेची दाणादाण उडवली होती, आणि तेव्हापासून तिचं पक्कं मत झालं होतं की जगातली कुठलीही अडचण तोंड उघडलं की सुटते. मोठ्याने उघडलं तर लवकर सुटते.

आणि अडचण साधी नव्हती. शनिवारी पेसामिनो मताई होणार होता. अख्ख्या घराण्याचा मानाचा कर्ता! चुलतकाका वारल्यापासून ती पदवी रिकामी पडली होती आणि ती कुणाला द्यायची यावरून घराण्यात इतकी भाषणं झाली होती की शेवटी सगळे दमले आणि पेसामिनोवर एकमत झालं. त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा असा की त्याच्यावर कुणाचाच राग नव्हता. आता पदवी घ्यायची म्हणजे काय करायचं? खांबाला पाठ लावून, सगळ्या वडीलधाऱ्या मताईंच्या समोर, मांडी घालून बसायचं. बस. एवढंच. पण भाषणं होतात, आवाची, म्हणजे मुळांपासून केलेल्या मानाच्या पेयाची, वाटी फिरते, परत भाषणं होतात. सकाळी घातलेली मांडी दुपार कलली की सुटते. मधे पाय पसरायची सोय नाही, कारण मताईंच्या बैठकीत समोरच्याकडे उघडं पाऊल करणं म्हणजे त्याच्या सात पिढ्यांना तुच्छ लेखणं.

"बाबा, एकदा बसून तर बघा," तिलो म्हणाली.

पेसामिनोने मांडी घातली. म्हणजे डावी घातली. उजवी अर्ध्यावर आली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो "काही नाही, चुलीचा धूर," असं म्हणाला. वारा उलट्या दिशेचा होता.

"गावाला सांगून टाकू की दुखतंय," लांगी म्हणाली.

"आणि गाव काय म्हणेल? म्हणेल, पदवी हातात यायच्या आधीच हा मताई खाऊन खाऊन लंगडा झाला. घराण्याचा कर्ता नाही, घराण्याचा खाता!" पेसामिनोचा आवाज एकदम लहान झाला. "माझ्या बाबांनाही असंच हसायचे लोक. मी पाहिलंय."

लांगीने नुसतं एक ओलं फडकं आणून त्याच्या अंगठ्याजवळ ठेवलं. अंगठ्यावर नाही. जवळ.

तेवढ्यात रस्त्यावरून तालोसांगा आजी आली. ही पेसामिनोची आत्या, घराण्यातली सगळ्यात मोठी बाई, आणि सामोआत मोठ्या बहिणीचा आणि आत्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. आजीने झाडू खांबाला टेकवला आणि आत नजर टाकली.

"पेसा, पायाला काय झालं रे?"

पेसामिनोने तोंड उघडलं आणि मिटलं. लांगीने आकाशाकडे पाहिलं. आणि तिलोने, अडचण दिसली की तोंड उघडायचं या आपल्या नव्या तत्त्वाला जागून, तोंड उघडलं.

"नारळ पडला, आजी!"

"कुठला नारळ?"

आता आवारावर वाकलेलं माडाचं झाड एकच होतं. तिलोचं बोट आपोआप तिकडे गेलं. झाड शेजारच्या सिमेओनाकाकांचं होतं.

थाप उत्तम बसली. नारळ पडण्यात कुणाची खादाडी नाही, उलट थोडं शौर्यच आहे. आजी च्‌ च्‌ करत निघून गेली आणि पेसामिनोने मुलीकडे असं कौतुकाने पाहिलं की तिलोला वाटलं, वादविवाद स्पर्धेत आपण उगीच खऱ्या मुद्द्यांवर वेळ घालवला.

दुपारपर्यंत सगळ्या गावाला नारळ कळला. संध्याकाळपर्यंत त्याचा अख्खा घड झाला. एकीने पाच बोटांचा चुराडा झाल्याचं सांगितलं, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत पाद्रीबाबांनी "वरून येणाऱ्या सर्व संकटांपासून" असे शब्द घालून वर बोट केलं. मग उपाय सुरू झाले. एक म्हणाली नोनीची पानं गरम करून बांधा, दुसरी म्हणाली गार करून बांधा. एका काकांनी समुद्रात उभं राहायला सांगितलं, पण ओहोटीलाच. आणि तालोसांगा आजी खोबरेल तेलाची बाटली घेऊन मालिश करायला बसली. मुका मार मालिशनेच उतरतो, असं तिचं म्हणणं, आणि नारळाच्या माराबद्दल ते खरंही असेल. आजीचा हात अंगठ्याला लागला आणि पेसामिनोने वरच्या सुराचा पुढचा सूरही गाठला.

"रडू नकोस. मताई ना तू?" आजी म्हणाली आणि आणखी जोरात चोळलं.

शेवटी मंगळवारी लांगीने त्याला तिलोबरोबर बसमध्ये बसवून तालुक्याच्या दवाखान्यात धाडलं. रंगीत बस, त्यात मोठ्याने गाणी, रस्त्यात खड्डे. पेसामिनोने पूर्ण प्रवास पाय हातात धरून केला, जणू कुणाचं तरी बाळ सांभाळायला दिलंय.

दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईने विचारलं, "कशाने झालं?"

मागे गावचे बरेच पुरुष बसलेले. पेसामिनो खणखणीत आवाजात म्हणाला, "नारळाने!"

"मग अपघाताची रांग. तिकडे."

अपघाताच्या रांगेत त्यांच्यापुढे झाडावरून पडलेला एक मुलगा आणि मासेमारीचा गळ कानात अडकलेले एक आजोबा होते. दुसऱ्या रांगेत नुसते धडधाकट दिसणारे पुरुष, सगळे एका कुल्ल्यावर जोर देऊन बसलेले. त्यांत सिमेओनाकाकाही. उंचपुरे, कडक इस्त्रीचा सदरा, चर्चमध्ये सगळ्यात खालचा सूर त्यांचा, आणि रीतिरिवाजात केसाइतकी चूक त्यांना खपत नाही.

"काका, तुम्ही इथे कसे?" तिलोने विचारलं.

"मी? मी काकूच्या गोळ्या न्यायला आलोय." शेजारचा म्हणाला, "मी आईच्या." त्याच्या पलीकडचा म्हणाला, "मी सासूच्या." आपल्या गावचे पुरुष किती मायाळू आहेत, असं वाटून तिलोचा ऊर भरून आला.

सिमेओनाकाकांनी पेसामिनोच्या पायाकडे एकदा पाहिलं. चेहरा दगडासारखा झाला. "माझ्या झाडाचा नारळ," ते हळूच म्हणाले. तिलोला आपली थाप पहिल्यांदाच टोचली.

डॉक्टरीणबाईंनी अंगठा पाहिला. मग पेसामिनोकडे पाहिलं. "नारळ नेमका सांध्यावर पडला? नखाला ओरखडा नाही, शेजारच्या बोटाला धक्का नाही. फार नेमबाज नारळ दिसतोय."

पेसामिनो छताकडे पाहू लागला.

"गाऊट आहे. आधीही झाला असेल."

"खेकड्यांमुळे," पेसामिनो मान खाली घालून पुटपुटला.

"खेकड्यांनी निमित्त दिलं असेल. मूळ तुमच्या रक्तात आहे. तुमच्या रक्तात म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच. यूरिक आम्ल प्रत्येकाच्या अंगात तयार होतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. आपल्या बेटांवरच्या पुष्कळ लोकांची मूत्रपिंडं ते जपून ठेवतात, जन्मतःच. साठलं की त्याचे बारीक बारीक खडे बनतात, सुईसारखे टोकदार, आणि सांध्यात जाऊन बसतात. अंगठा हृदयापासून लांब, थंड. तिथे त्यांना बरं वाटतं. मग शरीर त्या सुयांवर तुटून पडतं, म्हणून ही आग. असंच चालू दिलं तर गुडघा, घोटा, हात, एकेक सांधा कुरतडला जातो. तुमच्या बाबांना होतं?"

"काठीने चालायचे. बोटांवर गाठी आलेल्या." पेसामिनोने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "लोक म्हणायचे, खादाड."

"लोकांना काय जातं म्हणायला? तुमच्याइतकंच खाणारा दुसरा तुरुतुरु चालतो. बरं, रोजची गोळी दिली होती ना मागे?"

"दिली होती. पण दुखायचं थांबलं, म्हणून मीही थांबलो. पाऊस नसताना छत्री कोण उघडतं?"

"बाबा!" तिलोला राहवेना. "ती छत्री नाही, छप्पर आहे! ऊन पडलं म्हणून आपण घराचं छप्पर उतरवून ठेवतो का?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "हिला इथेच ठेवून जा. रांगेतल्या सगळ्यांना सांगेल." मग त्यांनी सूज उतरायच्या गोळ्या लगेच चालू करायला सांगितल्या, आणि आम्ल कमी करणारी रोजची गोळी कधी आणि किती ते समजावलं. सुरुवातीला मधूनमधून दुखेलही, तरी सोडायची नाही. "आणि शनिवारी मांडी?" पेसामिनोने विचारलं. "सूज उतरली तर घाला. नाही उतरली तर नका घालू. सांध्याला तुमची पदवी कळत नाही."

परत येतात तो घरासमोर गर्दी. गावचा कारभारी सिमेओनाकाकांच्या माडाखाली उभा राहून वर बघत होता. नुकसान झालं की पाहणी झाली पाहिजे, असा नियम.

"नारळ पडला तेव्हा पेसामिनो कुठे उभा होता?"

"इथे," तिलोने एक जागा दाखवली.

"झाड तर इकडे वाकलंय. नारळ वळून गेला?"

"वारा होता."

"मग नारळ कुठाय? नारळ दाखव."

आता आली का पंचाईत! घरामागे नारळांचा ढीग होता. तिलोने धावत जाऊन त्यातला जरा गुन्हेगार दिसणारा निवडला. कारभाऱ्याने तो उलटापालटा करून पाहिला, वाजवून पाहिला, आणि पुरावा म्हणून लांगीच्या ताब्यात दिला. लांगी चुलीपाशी होती, तिला नारळाचं दूध कमी पडत होतं. रात्री तो पुरावा अळूच्या पानांत शिजून सगळ्यांच्या पोटात गेला, आणि कारभारी जेवायलाच थांबला असल्याने त्याने दोनदा घेतला.

"झाड तोडावं लागेल," बोटं पुसत तो म्हणाला. "मताईच्या अंगावर नारळ टाकणारं झाड ठेवता येत नाही."

तिलोने झाडाकडे पाहिलं. झाडाने काहीच केलं नव्हतं. त्या रात्री तिला झोप आली नाही, आणि ज्या तोंडाचा तिला इतका अभिमान होता ते तोंड कुणाला तरी बदलून द्यावं असं वाटू लागलं.

गोळ्यांनी काम सुरू केलं. गुरुवारपर्यंत टोमॅटोचा जांब झाला. मांडी अजून पाऊणच होत होती, पण पेसामिनो म्हणाला, "शनिवारी दात आवळून पूर्ण करीन."

आणि शुक्रवारी, कोंबडा आरवायच्या सुमाराला, लांगीने त्याला हलवलं. "पेसा. ऊठ. बाहेर बघ."

अंगणात, ओल्या गवतावर, सिमेओनाकाका गुडघे टेकून बसले होते. डोक्यावरून पायापर्यंत त्यांच्या घरातली सगळ्यात जुनी, रेशमासारखी मऊ, मानाची चटई पांघरलेली. मागे काकू, डोळे पुसत. शेजारी बांधलेलं एक डुक्कर.

हा इफोगा होता. माणूस मेला, घर जळलं, असं काही भयंकर झालं की दोषी घराण्याचा मोठा माणूस असा येऊन बसतो: मारा नाहीतर माफ करा. दुखावलेल्या घरातल्या कुणी येऊन चटई उचलली की माफ झालं. नाही उचलली तर तो बसून राहतो, उन्हात, पावसात, सगळ्या गावासमोर. आणि रीतीत केसाइतकी चूक न खपणारे सिमेओनाकाका न पडलेल्या नारळासाठी इफोगा करत होते!

रस्त्यावर माणसं जमायला लागली. तालोसांगा आजी झाडू घेऊन आली आणि स्तब्ध उभी राहिली.

"आता काय?" पेसामिनो पांढराफटक पडला होता.

"जा, चटई उचल, माफ केलं म्हण," लांगी म्हणाली. "झालं. कुणाला कळणार नाही. उद्या पदवी घे."

खरंच, इतकं सोपं होतं. चार पावलं टाकायची आणि एक चटई उचलायची. तिलोने बाबांकडे पाहिलं. बाबा अंगणातल्या त्या चटईकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तीच लाज होती जी ते आजोबांबद्दल बोलताना असते.

तिलो उठली. "बाबा, मी सांगते. नारळ माझा होता."

"अंगठा माझा होता," पेसामिनो म्हणाला, आणि लंगडत अंगणात उतरला. अख्ख्या गावासमोर लंगडत. चटईजवळ जाऊन तो थांबला, हात लावला नाही.

"सिमेओना, ही चटई मी माफी म्हणून उचलू शकत नाही. तू काही केलेलंच नाहीस. नारळ पडला नाही. मला गाऊट आहे. माझ्या बाबांनाही होता. मला लाज वाटली, आणि माझ्या पोरीने माझी लाज झाकायला तुझं झाड पुढे केलं. खरं तर या चटईखाली मी बसायला हवं."

तिलो धावत येऊन बाबांच्या शेजारी गवतावर गुडघे टेकून बसली. पेसामिनोने दोन्ही हातांनी चटई हळूच बाजूला केली.

सिमेओनाकाका उठले नाहीत. मान खाली, डोळे मिटलेले, कपाळावर घाम.

"रागावलास?" पेसामिनोने विचारलं.

काकांनी नुसते दात आवळले.

"काका, मला हवं तेवढं बोला," तिलो रडवेली होऊन म्हणाली. "पण बाबांना माफ करा!"

"माफ केलं गं बाई," सगळ्यात खालच्या सुरात आवाज आला. "सगळ्यांना केलं. पण मला कुणीतरी उठवा. गुडघा पेटलाय माझा."

"गुडघा?"

"गाऊट!" काकू मागून ओरडली. "दोन वर्षं झाली! आणि दर महिन्याला गोळ्या माझ्या नावावर आणतो. सगळं गाव मला विचारतं, 'काकू, आता पाय कसा आहे?' माझा पाय ठणठणीत आहे!"

आधी आजी हसली. मग लांगी. मग रस्त्यावर कुणीतरी "माझ्या सासूलाही नाही बरं का," असं म्हणालं आणि तो हशा चर्चच्या टोकापर्यंत गेला.

लोकांनी धरून सिमेओनाकाकांना आत पेसामिनोशेजारी बसवलं. एकाचा अंगठा, एकाचा गुडघा. दोघांनाही मांडी जमेना. तेव्हा तालोसांगा आजीने ती मानाची चटई उचलली आणि दोघांच्या पसरलेल्या पायांवर एकत्र घातली.

"पाय झाकले की पसरायला कसली हरकत? म्हातारे मताई कसे बसतात, पाहिलं नाहीस कधी? मला विचारलं असतंस तर सोमवारीच सांगितलं असतं. पण तू मला नारळ सांगितलास." मग तिने तिलोकडे वळून पाहिलं. "आणि तू, वादविवादाची राणी! तो पाय मी अर्धा तास चोळला. अर्धा तास!"

शनिवारी पेसामिनो खांबाला पाठ लावून, पाय पसरून, मांडीवरून पावलांपर्यंत चटई घेऊन बसला आणि मताई झाला. पहिलं भाषण संपलं तेव्हा समोरचे सगळ्यात वृद्ध मताई जरा चुळबुळले आणि तिलोला खुणेने बोलावून म्हणाले, "पोरी, एक चटई आहे का गं?" मग त्यांच्या शेजारच्यांनी मागितली. मग कारभाऱ्याने. तिलो गावभर घरोघरी धावली, चटया गोळा केल्या, आणि दुसरं भाषण सुरू होईपर्यंत बैठकीतल्या निम्म्या पुरुषांचे पाय चटयांखाली ऐसपैस पसरलेले होते. आवा देताना तिलोने बाबांपुढे पाण्याची वाटी आणि त्यांची रोजची गोळीही ठेवली. सिमेओनाकाकांनी सगळ्यांदेखत खिशातून स्वतःची काढली.

सगळं शांत, गंभीर झालं. वृद्ध मताईंनी घराण्याची वंशावळ म्हणायला सुरुवात केली. आणि तेवढ्यात बाहेर, सिमेओनाकाकांच्या माडावरून, कुणाच्याही केसाला धक्का न लावता, रिकाम्या गवतावर, एक नारळ पडला.

धप्प!

बैठकीतल्या प्रत्येक पुरुषाने दचकून पाय आत ओढला, आणि मग निम्म्या घराण्याच्या तोंडून एका सुरात निघालं: "आई गं!"